टिपणीस साहेबांच्या चांगल्या गोळ्या

टिपणीस साहेब गोळी चाखायचे. मशीनमधून नुकतीच पडलेली, अजून कोमट असलेली गोळी दोन बोटांत धरायचे, जिभेच्या शेंड्याला लावायचे, डोळे मिटून थोडं थांबायचे आणि मग लॅबच्या बेसिनमध्ये पचकन थुंकायचे. थुंकी पांढरी, फेसाळ. नळ सोडायचे, पण धड नाही, त्यामुळे ती बराच वेळ जाळीवर चिकटून राहायची. मग खिशातला घडीचा रुमाल काढून ओठांचे कोपरे टिपायचे आणि निकाल द्यायचे, "आज स्टार्च जास्त पडलाय." आणि स्टार्च खरंच जास्त पडलेला असायचा.

मला तेव्हा त्या थुंकण्याची किळस यायची. आता वाटतं, त्या माणसातली ती सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट होती.

आमची कंपनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत होती. नाव सांगत नाही, ती आता त्या नावाने उरलेलीही नाही. मागच्या बाजूने एक नाला वाहायचा आणि शेजारच्या कारखान्यात त्या दिवशी जो रंग चालू असेल त्या रंगाचं पाणी त्यात दिसायचं. वास मात्र रोजचा तोच, सडक्या अंड्यांचा. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो तरी डबा उघडला की पहिला घास त्या वासासकट जायचा. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलेले, विठ्ठलवाडीला, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून तिथल्या क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी मुलाखतीला गेलेले.

मुलाखतीला दोघं होते. एक पर्सोनेलचे गृहस्थ आणि दुसरे टिपणीस साहेब, लॅबचे प्रमुख. पर्सोनेलवाल्यांनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "गायकवाड म्हणजे, कुठले गायकवाड?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. उत्तर काय द्यायचं तेही ठरलेलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत टिपणीस साहेब म्हणाले, "अहो, आडनावाने टायट्रेशन होत नाही. ये बाळ, ब्युरेट कशी भरतेस ते दाखव मला."

मी भरून दाखवली. ती काचेची नळी शून्याच्या खुणेवर आणायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. त्यांनी स्वतः उठून माठातलं पाणी ग्लासात ओतून दिलं आणि त्याच ग्लासातून नंतर ते स्वतःही प्याले. घरी जाऊन आईला सांगितलं तेव्हा तिने ग्लासाचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "चांगला माणूस दिसतो. धरून राहा."

मी धरून राहिले. आम्ही सगळेच राहिलो. कारण ते चांगलेच होते, निदान आमच्यापुरते. उंच, सडपातळ, शर्ट पांढराशुभ्र, केस तेल लावून मागे वळवलेले. तासातासाला डेटॉलने हात धुवायचे. तोंडात लवंग. राहायला ठाण्याला, बोलणं अगदी पुस्तकी शुद्ध, आवाज कधी चढायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत संत्रं सोलायचे आणि एकेका फोडीचे दोरे काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे. कुणाच्या मुलाची दहावी आहे, कुणाच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सगळं त्यांच्या ध्यानात. डिस्पॅचच्या क्लार्कच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं तेव्हा हे कामावरून तडक ठाण्याच्या हॉस्पिटलात गेले आणि बाही वर करून आडवे झाले. दुसऱ्या दिवशी क्लार्क पाया पडायला आला तर त्याला खांद्याला धरून उठवलं. म्हणाले, "आपल्या माणसांना आपण नाही जपायचं तर कुणी?"

हे वाक्य त्यांच्या तोंडी सतत असायचं. आपली माणसं. ते ऐकलं की बरं वाटायचं. त्या 'आपल्या'त माझ्यासारख्या विठ्ठलवाडीच्या मुलीलाही जागा होती याचं तर मला फारच अप्रूप.

शिकवायचेही मनापासून. मला औषधाच्या धंद्यातलं जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. आमची नेहमीची तपासणी म्हणजे मूठभर गोळ्या खलात एकत्र कुटायच्या आणि त्या भुकटीत औषध किती आहे ते काढायचं. एकदा मी अशीच गोळ्या कुटत बसलेले तर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"वंदना, समज यातल्या एका गोळीत दुप्पट औषध आहे आणि दुसरीत अजिबात नाही. तू दोन्ही कुटल्यास. काय येईल?"

"बरोबर येईल, सर. सरासरी."

"आणि पेशंट काय खातो? भुकटी?"

"नाही. गोळी."

"एक गोळी," ते म्हणाले. "रोज एक. हे ज्याला कळलं त्यालाच हा धंदा कळला."

आणि मग त्यांचं दुसरं आवडतं वाक्य यायचं. "तोडायचं नाही. बघायचं." गोळी फोडली की ती गोळी राहत नाही, तिच्यात औषध कुठे आणि कसं बसलं होतं ते कायमचं गेलं, असं त्यांचं म्हणणं. न फोडता आत बघता आलं पाहिजे. या एका गोष्टीचा त्यांना ध्यास होता.

माजिवड्याला एका दाताच्या डॉक्टरने दवाखाना बंद केला तेव्हा त्याचं जुनं एक्स-रे मशीन साहेबांनी कंपनीकडून घ्यायला लावलं. लॅबमागच्या अडगळीच्या खोलीत ते बसवलं, भिंतींना शिशाचे पत्रे ठोकून घेतले, बाजूच्या मोरीला काळा पडदा लावून डार्करूम केली. आम्ही हसायचो. गोळीचे दात काढणार बहुतेक, असं पॅकिंगच्या मुली म्हणायच्या.

त्या वेळी आमच्याकडे हृदयाची एक गोळी नव्याने चालू झालेली. ज्यांचे ठोके भलतेच पळतात किंवा वेडेवाकडे पडतात त्यांच्यासाठीची. गोळीत औषध थोडं, बाकी स्टार्च आणि साखर. औषधात आयोडीन होतं आणि आयोडीन एक्स-रे अडवतं. स्टार्च, साखर अडवत नाहीत. म्हणजे फिल्मवर जिथे औषध असेल तिथे पांढरं उमटणार, नसेल तिथे काळं.

पहिली धड फिल्म निघाली तो दिवस मला लख्ख आठवतो. साहेब ओली फिल्म चिमट्यात धरून पडद्याबाहेर आले, ती दिव्याच्या पेटीवर ठेवली आणि म्हणाले, "या सगळे. बघा."

आम्ही वाकलो. काळ्या फिल्मवर ओळीने चकत्या. एक सगळीकडून सारखी करडी. शेजारचीत एका कडेला पांढऱ्या गुठळ्या, रव्याच्या लाडवात साखर नीट न मिसळल्यासारख्या. तिसरी जवळजवळ रिकामी, काळीच. आणि शेवटच्या दोन इतक्या पांढऱ्या की डोळ्यांत भरत होत्या.

"एकाच बॅचच्या आहेत," साहेब म्हणाले. "कुटलेल्या तपासणीत पास झालेली बॅच." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. खरंच आलेलं. मी त्या माणसाला त्या क्षणी देव्हाऱ्यात बसवलं असतं.

कारण शोधायला त्यांना वेळ लागला नाही. पूर्वी भुकटी स्टार्चच्या खळीत भिजवायची, लगदा व्हायचा, तो वाळवून त्याचे दाणे पाडायचे आणि मग गोळी. दाण्यात सगळं एकत्र घट्ट बसायचं. कंपनीच्या मालकांनी, शेठनी, या गोळीसाठी ते ओलं काम काढूनच टाकलेलं. वेळ जातो, वीज जाते. कोरडीच भुकटी ड्रममध्ये ढवळायची आणि ड्रम मशीनपर्यंत ढकलत न्यायचा. त्या खडखडाटात जड औषध खाली बसायचं. वरवरची भुकटी आधी मशीनला जायची, म्हणून पहिल्या गोळ्या फुसक्या, आणि तळाच्या भुकटीच्या शेवटच्या गोळ्या जहाल. आणि गोळ्या ज्या क्रमाने पडायच्या त्याच क्रमाने पट्टीत भरल्या जायच्या. म्हणजे कुणाच्या नशिबी आख्खी पट्टी फुसकी, कुणाच्या नशिबी आख्खी जहाल.

साहेब फिल्म घेऊन शेठकडे गेले. आम्ही लॅबमध्ये वाट बघत बसलेलो. बराच वेळ दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान.

"शेठ फार खूश झाले," ते म्हणाले. "असं काम भारतात कुणी करत नसेल म्हणाले. मोठी फिल्म, चांगली पेटी, सगळं मंजूर."

"मग ओलं काम परत सुरू होणार?" मी विचारलं.

"होईल, बाळ. सगळं टप्प्याटप्प्याने होतं. आधी अभ्यास पुरा करू."

अभ्यास सुरू झाला. मोठ्या फिल्मवर पट्ट्याच्या पट्ट्या मांडायच्या. पट्टीचा पातळ पत्रा एक्स-रेला आडवा येत नाही, त्यामुळे पाकीटसुद्धा फोडायला नको. पॅकिंगची सुपरवायझर मीनाक्षी नाखवा पट्ट्या आणून द्यायची. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची, बोलायला फटकळ, कामाला वाघ. साहेब प्रत्येक पट्टी फिल्मवर तपासायचे आणि वेगळ्या काढायचे. सारख्या करड्या गोळ्यांच्या पट्ट्यांवर पेनाने हिरवा ठिपका. ठिपकेवाल्या पट्ट्या मीनाक्षीने वेगळ्या खोक्यांत भरायच्या. बाकीच्या नेहमीच्या खोक्यांत.

"ठिपकेवाल्यांचं काय करतात गं साहेब?" तिने मला एकदा विचारलं.

"अभ्यासाला लागतात." मला तसंच वाटत होतं.

मग सरकारी औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले. नमुने घ्यायला यायचेच ते अधूनमधून. साहेबांनी त्यांना गोदामात नेलं, खुर्ची मागवली, वरचा पंखा लावायला सांगितलं, चहा आणवला. इन्स्पेक्टर दमलेले. बसल्या बसल्या हाताशी आलेल्या खोक्यातून त्यांनी पट्ट्या उचलल्या, सील केल्या, सह्या झाल्या. मी पावती लिहायला म्हणून तिथे उभी होते. खोक्यातल्या प्रत्येक पट्टीवर हिरवा ठिपका होता. खुर्ची कुठे ठेवायची ते साहेबांनीच हमालाला बोटाने दाखवलेलं.

मी लगेच काही समजले असं नाही. संशय आला, पण साहेबांबद्दल तो धरून ठेवायला मन तयार होईना. डॉक्टरांना फुकट वाटायचे नमुनेही त्याच खोक्यांतून जातात हे नंतर कळलं. तरी मी म्हणत होते, अभ्यास आहे, टप्प्याटप्प्याने होईल. ड्रम मात्र रोज तसाच खडखडत मशीनकडे जात होता.

एका सकाळी मीनाक्षी लॅबमध्ये आली ती घामाघूम, केस विस्कटलेले. तिचा बाप, आम्ही सगळे त्यांना नाखवा काका म्हणायचो, खाडीच्या धक्क्यावर जाळं आवरताना कोसळला होता. सिव्हिलला नेलेलं. ठोके इतके मंद पडलेले की डॉक्टरांना नाडी सापडेना.

"तीच गोळी खातो बापूस," ती साहेबांना म्हणाली. "आपली. डॉक्टरनी बदलून दिलेली गेल्या महिन्यात. मीच दुकानातून आणली, आपल्या कंपनीची हाय म्हणून मुद्दाम. साहेब, डॉक्टर विचारतात एक खाल्ली की दोन. तो एकच खातो, मी देते ना हाताने!"

साहेबांचा चेहरा पडला. खरंच पडला. ते उठले, तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"दुकानातून कशाला आणलीस, बाळ? मला का नाही सांगितलंस?"

मग त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. खण पट्ट्यांनी भरलेला होता. सगळ्यांवर हिरवे ठिपके. त्यांतल्या मोजक्या काढून त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवल्या आणि वरून आपला हात ठेवून तिची बोटं मिटवली.

"ह्या दे त्यांना. ह्या चांगल्या आहेत. आपल्या माणसांसाठी मी नेहमी बाजूला ठेवतो. संपल्या की परत माग, लाजायचं नाही."

मीनाक्षीने मूठ उघडली. ठिपके बघितले. हे ठिपके असलेली खोकी तिने स्वतः भरलेली.

"ह्या चांगल्या," ती हळू म्हणाली. "मंग दुकानातल्या?"

साहेबांनी रुमाल काढून ओठांचे कोपरे टिपले.

"दुकानातल्या कशा हायेत, साहेब? मना सांगा."

"बघ," ते म्हणाले, आणि आवाजात तोच मऊपणा, आम्हाला शिकवतानाचा. "सगळ्यांचं सगळं आपल्या हातात नसतं. शेठ म्हणतात थांबा, तर थांबावं लागतं. दुकानात कोण येतं, कोण घेतं, आपण कुणाकुणाला पुरे पडणार? जेवढी आपली माणसं आहेत तेवढ्यांना मी जपतो. तू आधी सांगितलं असतंस तर..."

"म्हणजे माझीच चूक."

"असं मी म्हटलं का?"

ती उठली. पट्ट्या त्यांच्या टेबलावर टाकल्या आणि निघून गेली. साहेबांनी त्या एकेक करून गोळा केल्या, सरळ केल्या, खणात परत ठेवल्या आणि खण लावला. मग डेटॉलने हात धुतले. मला म्हणाले, "बिचारी. वडिलांवर फार जीव आहे तिचा." आणि संत्रं सोलायला घेतलं. एक फोड माझ्यापुढे धरली. दोरे काढलेली, स्वच्छ, ओलसर फोड.  मी तशीच बाहेर पळाले आणि नाल्याच्या कडेला जाऊन ओकले. त्या दिवशी नाला जांभळा होता.

नाखवा काका वाचले नाहीत. सिव्हिलच्या डॉक्टरांनी हृदय आधीच अशक्त होतं असं लिहिलं. असेलही. म्हणून तर गोळी चालू होती.

मयतीला आम्ही कंपनीतून सगळे गेलेलो. चेंदणीत रस्ताभर माणसं. साहेबही आले, पांढरे कपडे, हातात मोठा हार. दारात पोचेपर्यंतच त्यांचे डोळे वाहायला लागले. ते नाटक नव्हतं, मी शपथेवर सांगते. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच मला सहन होईना. नाटक असतं तर मी त्यांना साधा लबाड माणूस म्हणून विसरून गेले असते. त्यांनी पुढे होऊन प्रेतावर हार घातला आणि तिरडीला खांदा द्यायला वाकले.

मीनाक्षी बायकांतून उठून आली. रडत नव्हती. "साहेब, बापसाला हात लावू नका."

कोळीवाड्यातल्या माणसांना काही कळेना. तिच्या काकाने तिला आवरायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. "हात काढा," ती परत म्हणाली, तेवढ्याच आवाजात.

साहेबांनी हात काढला. मागे येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, रुमालाने डोळे टिपले आणि कुजबुजले, "दुःखात माणूस काहीही बोलतो, बाळ. मनावर घ्यायचं नसतं." त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. मी चार पावलं बाजूला सरकले.

तेराव्यानंतर मीनाक्षी आणि मी ठाण्याच्या औषध खात्याच्या ऑफिसात गेलो. तिच्याकडे बापाच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या होत्या आणि वेगवेगळ्या दुकानांतून विकत घेतलेल्या आणखी काही. तिथल्या माणसाने सांगितलं, या कंपनीचे नमुने तर नेहमी पास होतात. वर म्हणाला, घेतो तपासून, नेहमीच्या पद्धतीने.

"कुटू नका," मीनाक्षी म्हणाली.

"काय?"

"सगळ्या एकत्र कुटू नका. एकेक गोळी वेगळी तपासा. माणूस एकेक गोळीच खातो."

 मग आतून एक तरुण अधिकारी बाई बाहेर आल्या, त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून ऐकलं. मी फिल्मचं, खुर्चीचं, ठिपक्यांचं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "एकेक करू."

त्यांनी एकेक केली. निकाल आला तेव्हा दुकानांतल्या पट्ट्यांत कुठे निम्मंसुद्धा औषध नव्हतं, कुठे भलतंच जास्त. नाखवा काकांच्या पट्ट्यांत उरलेल्या सगळ्याच गोळ्या जहाल निघाल्या. गोळी बाजारातून परत मागवली गेली, आमचा तो विभाग बंद झाला, चौकशी बसली. पुढे कित्येक महिन्यांनी परवानगी मिळाली तेव्हा ओलं काम परत चालू झालेलं आणि ड्रमची वाट कायमची बंद. गोळ्या सुधारल्या. ते मीनाक्षीमुळे झालं हे कुठेही कुणी लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते.

पण चौकशीत जे झालं ते मी समोर बसून बघितलं. मला वाटलेलं की आज साहेब मान खाली घालतील. साहेब आले ते बगलेत फिल्मचं मोठं पाकीट घेऊन. इस्त्रीचा शर्ट, चेहरा शांत. त्यांनी ती पहिली फिल्म काढली, तारखेसकट, आणि चौकशी अधिकाऱ्यांपुढे उजेडाला धरली.

"हा दोष या कंपनीत सगळ्यात आधी कुणी शोधला असेल तर मी. हा पुरावा. मी मालकांना त्याच आठवड्यात दाखवलं. निर्णय घेणं माझ्या हातात नव्हतं."

"आणि ठिपकेवाल्या पट्ट्या?"

"अभ्यासाचे नमुने. ते कुठल्या खोक्यात गेले, गोदामात कुठे ठेवले, हे पॅकिंगचं काम. माझा त्याच्याशी संबंध नाही."

पॅकिंग म्हणजे मीनाक्षी. ती माझ्या शेजारी बसलेली.  ज्या मुलीच्या बापाच्या तिरडीला त्याने हात लावलेला, तिच्याच डोक्यावर हे टाकताना त्या माणसाचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी उठून बोलले. खुर्ची कुणी लावली ते, खण कुणाचा ते, सगळं सांगितलं. लिहूनही घेतलं गेलं. मीनाक्षीला काही झालं नाही, शेठला दंड झाला. आणि साहेबांबद्दल अहवालात आलं की त्यांनी दोष वेळीच ओळखला होता. त्यांनी सन्मानाने राजीनामा दिला. कंपनीने त्यांना निरोपसमारंभ केला, आणि अर्ध्या लोकांनी तिथे डोळे पुसले. डिस्पॅचचा तो क्लार्क माझ्याशी त्यानंतर बोलेनासा झाला. "ज्याने तुला उभं केलं त्याच्यावर उलटलीस," म्हणाला. माझ्या आईलाही ते समजायला वेळ लागला. तिला तो पाण्याचा ग्लास आठवायचा. मलाही आठवायचा. त्यांनी मला तो मनापासूनच दिलेला, आणि म्हणूनच मला त्या माणसाचा अर्थ लावता येत नाही.

मीनाक्षी कळव्याच्या एका कंपनीत लागली, पॅकिंगलाच. मी दुसरी नोकरी धरली, लग्न करून ठाकुर्लीला आले. टिपणीस साहेबांचं अधूनमधून कानावर यायचं. सल्लागार झालेत, गोळ्यांच्या एक्स-रेवर भाषणं देतात, मोठमोठ्या कंपन्या गाडी पाठवून बोलावतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला कल्याणला फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. आमच्या कंपनीने मला पाठवलेलं. पाहुणे कोण ते मला हॉलमध्ये पोचल्यावर कळलं. निघून यावंसं वाटलं, पण बसले, शेवटच्या रांगेत.

त्यांचे केस पांढरे झालेले. बाकी तसेच. पडद्यावर एकेक चित्र येत गेलं आणि मुलं माना पुढे काढून बघायला लागली. करडी चकती, गुठळ्यांची चकती, काळी चकती. ती पहिली फिल्मसुद्धा होती. ते सुरेख बोलले. एक गोळी, रोज एक, पेशंट भुकटी खात नाही, सगळं. ऐकताना मला स्वतःचीच चीड आली, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि मी आज माझ्या हाताखालच्या मुलींना हेच शिकवत होते.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. पुढच्या रांगेतली एक चश्मेवाली मुलगी उठली. "सर, एक्स-रेमध्ये ज्या गोळ्या खराब दिसल्या त्यांचं तुम्ही काय केलंत?"

भोळा प्रश्न होता, ऐकण्यासारखी गोष्ट म्हणून विचारलेला.

"छान प्रश्न," ते हसून म्हणाले. "ते प्रॉडक्शनचं काम असतं, बाळ. आपलं काम बघण्याचं." टाळ्या पडल्या. त्यांना शाल, श्रीफळ दिलं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला ओळखलं. गर्दीतून वाट काढत आले, दोन्ही हात पुढे केले. "वंदना! किती वर्षांनी! कुठे असतेस? आई बरी आहे का गं?"

मी हात पुढे केला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि ती आपली मीनाक्षी? काय करते? तिच्या वडिलांना कसलासा हृदयाचा त्रास होता ना, ते कसे आहेत आता?"

मला आधी वाटलं, मुद्दाम विचारतायत. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. नुसती आस्था होती, निखळ. त्यांना खरंच आठवत नव्हतं. हार, तिरडी, चौकशी, काहीच.

"ते गेले, साहेब. तेव्हाच."

"अरेरे." त्यांनी जिभेने च्-च् केलं. "कशाने गेले?"

"तुमच्या गोळीने," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. शेजारची दोन-तीन मुलं वळली.

त्यांचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलल्यासारखं वाटलं, मग ते सहानुभूतीने मान हलवायला लागले. बोलणार तेवढ्यात कॉलेजच्या कुणीतरी हाक मारली, "सर, फोटो." ते माझा खांदा थोपटून गेले. पायऱ्यांवर विद्यार्थ्यांच्या मधोमध उभे राहिले, घसरलेली शाल सारखी केली आणि त्या चश्मेवाल्या मुलीला जवळ ओढून आपल्या पुढे उभं केलं, नीट दिसावी म्हणून.